लिंडा रॉनस्टॅटचे मारिआची अल्बम: पहिला की दुसरा? (आणि तिसरा धरायचा का?)

कोरडी_हवा
गेली अकरा वर्षं टूसॉनला राहतेय, ॲरिझोनात. लिंडा रॉनस्टॅट इथली, १९४६चा जन्म, गावात तिच्या घराण्याचं नाव आजही निघतं. पण इथे येईपर्यंत मला ती फक्त इंग्रजी रॉक आणि कंट्री गाणारी म्हणून माहीत होती.

ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. १९८७ साली, कारकीर्द ऐन भरात असताना, तिने 'कान्सिओनेस दे मी पाद्रे' काढला, म्हणजे 'माझ्या वडिलांची गाणी'. सगळी स्पॅनिश, सगळी जुनी मेक्सिकन, साथीला मारिआची, म्हणजे व्हायोलिन, ट्रम्पेट, गिटारींचा मेक्सिकन ताफा. १९९१ला 'मास कान्सिओनेस', म्हणजे 'आणखी गाणी'. आणि १९९२ला 'फ्रेनेसी', तो मात्र क्युबन वळणाचा. पहिल्याला अमेरिकेत डबल प्लॅटिनम, म्हणजे वीस लाखांवर प्रती. स्पॅनिश अल्बमच्या बाबतीत हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

आता धाग्याचं कारण. गेल्या महिन्यात शेजारच्या आजींचा पंच्याहत्तरावा वाढदिवस होता, अंगणात सात जणांचं मारिआची बोलावलेलं. गितारोन, म्हणजे खर्जातली मोठी गिटार, वाजवणारा पोरगा माझ्यापासून दोन हातांवर. वाद्य केवढं, पोटाशी भरलेली घागर धरावी तसं तो धरून उभा, आणि उजव्या हाताने दोन तारा एकदम चिमटीत पकडून ओढायचा, एकच सूर दोन सप्तकांत एकाच वेळी. सीडीवर हे मी शंभर वेळा ऐकलंय पण तो ठोका पायाखालच्या फरशीतून वर येतो हे त्या दिवशी कळलं. आजींनी 'ला सिगारा'ची फर्माईश केली आणि बायका ताटं हातात घेऊन जिथल्या तिथे थांबल्या.

घरी आल्यावर तिन्ही अल्बम ओळीने ऐकले आणि माझं मत पक्कं झालं की सगळे पहिल्याचं कौतुक करतात पण दुसरा जास्त चांगला आहे. पहिल्यात ती पाहुण्यांना घर दाखवतेय, दुसऱ्यात ती घरात बसलीय. तुम्हाला काय वाटतं?

पावणेआठची_लोकल
एकही ऐकला नाहीये पण वाचून ऐकावासा वाटतोय. सुरुवात कुठून करू? एक गाणं सांगा, एकच. डोंबिवली ते सीएसएमटी सव्वा तास आहे माझ्याकडे.

रेकॉर्डवाला_काका
@पावणेआठची_लोकल, 'पोर उन आमोर'. पहिला अल्बम. हेडफोन लावा आणि आवाज आधी कमी ठेवा, ट्रम्पेट जोरात येतात.

कोरडी_हवा, तुमच्याशी साफ असहमत. पहिल्या अल्बमला जी शिस्त आहे ती दुसऱ्याला नाही. निर्मिती पीटर ॲशर आणि रुबेन फुएन्तेस यांची, आणि हे फुएन्तेस म्हणजे १९४४पासून मारिआची वार्गास दे तेकालित्लानमध्ये असलेला माणूस. वार्गास हा ताफाच १९व्या शतकाच्या शेवटी मेक्सिकोतल्या हालिस्को राज्यातल्या तेकालित्लान गावात सुरू झालेला. शिवाय लॉस अँजेलिसचा नाती कानोंचा ताफा, लॉस काम्पेरोस. त्या काळातली सगळ्यात मातब्बर माणसं एका रेकॉर्डवर आहेत. व्हायोलिन एकत्र उचलतात तेव्हा वीस जण एकच श्वास घेतायत असं वाटतं.

माझ्याकडची एलपी सेकंडहँड आहे, ऑनलाइन घेतली, विकणाऱ्याने 'उत्तम स्थिती' लिहिलं होतं आणि दुसऱ्या बाजूला नखाएवढा ओरखडा निघाला. 'ला सिगारा'च्या ऐन लांबवलेल्या सुरावर टक्क, टक्क. परत पाठवायचा खर्च रेकॉर्डपेक्षा जास्त. अजून तशीच ऐकतो.

बापू_सांगलीकर
मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नये. मला हे अल्बम फार गुळगुळीत वाटतात. मेक्सिकोची जुनी गायिका लोला बेल्त्रान ऐका आधी. तिच्या आवाजात वाळू आहे, ती ओरडते, मध्येच हसते, रडते. रॉनस्टॅटचा सूर इतका स्वच्छ आहे की दुःख इस्त्री करून आणल्यासारखं होतं. हॉलिवूडजवळच्या स्टुडिओत मेक्सिको उभा केलाय अशी माझी भावना आहे. आवाज मोठा आहे यात वाद नाही.

मडगावकार
अवांतर आहे पण सांगतोच. नाव वाचून मला आधी ही चर्चमधली गाणी वाटली!! आमच्याकडे पाद्री म्हणजे फादर, इगर्जेतला. मराठीतला पाद्रीसुद्धा पोर्तुगीजांकडूनच आला. स्पॅनिशमध्ये 'पाद्रे' म्हणजे बापही आणि धर्मगुरूही. माझी आजी पोर्तुगीज शाळेत शिकलेली, तिला मी 'दोस आर्बोलितोस' ऐकवलं तर अर्ध्याहून जास्त कळलं, म्हणाली दोन लहान झाडं आहेत, शेजारी शेजारी वाढलेली. मग म्हणाली परत लाव.

आमच्या गावातल्या लग्नांत ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ड्रम असा बँड लहानपणापासून ऐकलाय म्हणून असेल, मला ते ट्रम्पेट परके वाटलेच नाहीत.

तिहाई
तबला वाजवतो, म्हणून तालाबद्दल लिहितो.

ज्या चाली ऐकून पाय अडखळतो त्या सहा मात्रांच्या आहेत. आपण दादरा मोजतो तसे सहा, धा धी ना, धा ती ना, तीन अधिक तीन. आता तेच सहा दोन-दोन-दोन असे मोजून बघा. मारिआचीच्या 'सोन' प्रकारात जोर या दोन मोजण्यांमध्ये फिरत राहतो, कधी एकामागोमाग एक, कधी एकाच वेळी दोन्ही. म्हणजे गाणं चालू असताना खालची जमीन तिरकी होते पण पडत कुणीच नाही. घरी करून बघा, डाव्या हाताने मांडीवर दोन टाळ्या (पहिली आणि चौथी मात्रा) आणि उजव्या हाताने तीन (पहिली, तिसरी, पाचवी). पहिल्या दिवशी जमणार नाही. जमलं की मजा आहे.

यात विहुएला नावाचं छोटं पाच तारांचं वाद्य आहे, पाठ फुगीर, ती सारखी खरवडत असते. ताल तिच्याकडे आहे, ढोल वगैरे नाहीच. एवढा मोठा ताफा आणि एकही तालवाद्य नाही ही गोष्ट मला अजून पचत नाही.

प्रश्नाचं उत्तर: दुसरा. कारण 'एल तोरो रेलाहो' आणि 'एल गुस्तितो'. दोन्ही वापांगो या मेक्सिकन गानप्रकारातली, आणि वापांगोत आवाज छातीतून एकदम डोक्यात उडी मारतो, ती उडी रॉनस्टॅट कशी मारते ते ऐका. आधी सूर, मग उडी, मग परत खाली येताना जराही धक्का नाही.

पावणेआठची_लोकल
मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत मांडीवर टाळ्या वाजवत होतो. समोरच्या बाई उठून दुसरीकडे बसल्या.

तिहाई
@पावणेआठची_लोकल, हाहाहा, तीन आणि दोन एकत्र जमले का ते सांगा.

पावणेआठची_लोकल
नाही. पण 'पोर उन आमोर' चार वेळा ऐकलं. काका, आभार. शब्द एक कळला नाही आणि घशात काहीतरी अडकलं.

कोरडी_हवा
@बापू_सांगलीकर, राग कसला, पण उत्तर देते कारण हा मुद्दा मला इथल्या लोकांकडूनही ऐकायला मिळतो.

'स्टुडिओत उभा केलेला मेक्सिको' हे मला पटत नाही. लिंडाचे आजोबा फ्रेड रॉनस्टॅट सोनोरातल्या, म्हणजे ॲरिझोनाला लागून असलेल्या मेक्सिकन राज्यातल्या, बानामीची भागातले, टूसॉनला येऊन गाड्या-बग्ग्यांचा धंदा केला आणि इथे 'क्लब फिलार्मोनिको' नावाचा बँड चालवला. आत्या लुइसा एस्पिनेल स्वतः गायिका, तिने १९४६ साली घरातल्या गाण्यांची पुस्तिका काढली होती, तिचं नावच 'कान्सिओनेस दे मी पाद्रे'. म्हणजे अल्बमचं नाव आत्याच्या पुस्तिकेवरून आहे. वडील गिल्बर्ट घरात हीच गाणी गायचे. 'कोरिदो दे कानानेआ', 'ला बार्का दे ग्वायमास' ही गावं नकाशावर शोधा, सगळी सोनोरातली, इथून गाडीने जाता येतं. ही गाणी बाहेरून उचललेली नाहीत, जेवणाच्या टेबलावरची आहेत.

लोला बेल्त्रान रॉनस्टॅटचीही दैवत होती. तिने हे कितीदा सांगितलंय.

बापू_सांगलीकर
आत्याची पुस्तिका माहीत नव्हती. ही माहिती महत्त्वाची आहे. तरी आवाजाचा मुद्दा तसाच राहतो, घरची गाणी असली तरी इस्त्री ती इस्त्रीच.

निशाचर
बापू, अस्सल कशाला म्हणायचं हाही प्रश्न आहे ना. जो मारिआची आपण 'पारंपरिक' म्हणून ओळखतो, दोन ट्रम्पेट, चांदीच्या बटणांचा चारो सूट, मोठी टोपी, तो विसाव्या शतकात रेडिओ आणि सिनेमाने घडवला. हालिस्कोच्या खेड्यांतल्या जुन्या ताफ्यांत तंतुवाद्यंच होती, वीणेसारखी हार्पही असायची. ट्रम्पेट नंतर आली. रुबेन फुएन्तेस यांनीच तर मांडणी घडवली, इतकी नेटकी की पुढे सगळे तसंच वाजवायला लागले. म्हणजे इस्त्री रॉनस्टॅटने नाही केली, ती आधीच झालेली होती आणि उत्तम झालेली होती. २०११ला युनेस्कोने मारिआचीला वारसा म्हणून मान दिला तेव्हा हाच घडलेला प्रकार लोकांच्या डोळ्यांसमोर होता.

आपल्याकडे फडावरची लावणी आणि सिनेमातली लावणी यावर जसं भांडण होतं तसंच हे आहे. दोन्ही आवडू शकतात.

बापू_सांगलीकर
लावणीचं उदाहरण बरोबर बसलं. विचार करतो.

अपूर्वा_१९
मला वेगळीच मालिका सुचवायची आहे, धाग्याच्या जवळची. मारिआची एल ब्रॉन्क्स! लॉस अँजेलिसचा द ब्रॉन्क्स नावाचा पंक बँड आहे, किंचाळणारा. त्यांनी चारो सूट घालून मारिआची अल्बम काढले, २००९, २०११, २०१४, तिन्हींचं नाव बँडचंच, मग दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. गातात इंग्रजीत. दुसरा सगळ्यात चांगला, माझं ठाम मत.

रेकॉर्डवाला_काका
पंकवाल्यांनी मारिआची? अहो काय हे.

अपूर्वा_१९
काका ऐका तरी एकदा! लॉस लोबोस या रॉक बँडच्या डेव्हिड इदाल्गोंचा मुलगा व्हिन्सेंट त्यात गितारोन वाजवतो. त्यांनी थट्टा म्हणून नाही केलं, वाद्यं शिकले बसून. गायकाचा आवाज मोठा नाही, वापांगोतली उडी त्याला येत नाही, पण तो मारतही नाही, त्याला जेवढं येतं तेवढ्यात गातो. मला ते प्रामाणिक वाटतं.

निशाचर
ऐकलंय, आवडलंय. पण एक फरक आहे. एल ब्रॉन्क्स मारिआचीच्या वाद्यांत स्वतःची नवीन गाणी लिहितात. रॉनस्टॅट जुनीच गाणी जुन्याच पद्धतीने गाते. एक जण शेजारच्या घरी जाऊन मनापासून स्वयंपाक शिकतो, दुसरी स्वतःच्या आजीच्या पातेल्यात करते. तुलना नको.

चिंच_गूळ
इतके दिवस फक्त वाचत होते, आज लिहिते. मोठं होईल.

रॉनस्टॅटला लहानपणी स्पॅनिश नीट येत नव्हतं, गाणी कानाने पाठ झाली होती, अर्थ मागाहून कळत गेले. हे वाचलं तेव्हा मी लॅपटॉप बंद करून बसले होते, कारण माझ्या घरात हेच चालू आहे. आम्ही न्यूजर्सीत. मुलगी नऊ वर्षांची. मराठी समजते, उत्तरं इंग्रजीत. पण माझे बाबा तिला व्हिडिओ कॉलवर जात्यावरच्या ओव्या शिकवतात, त्यांच्या आईच्या. ती त्या जशाच्या तशा म्हणते, 'दळिते'मधला ळ तिला येत नाही, ती ल आणि र यांच्या मधलं काहीतरी म्हणते, पण आजोबा ओवीच्या शेवटी जी एक छोटी मान खाली घालतात तीसुद्धा ती घालते. त्यांना वाटतं पोरगी चेष्टा करते. चेष्टा नाही, तिला वाटतं ते गाण्यातच आहे.

जातं तिने पाहिलेलं नाही. मीही वापरलेलं नाही. मग ओवी खोटी का?

म्हणून बापूंचा इस्त्रीचा मुद्दा वाचून थोडं लागलं. कुणाचा उच्चार फार स्वच्छ तर कुणाचा फार तुटका, पण गाणं पुढे जायला हीच माणसं आहेत ना. मला पहिला अल्बम जवळचा, कारण नावातच वडील आहेत.

कोरडी_हवा
चिंच_गूळ, लेकीला माझ्याकडून पापी. बाबांना नमस्कार सांगा.

बापू_सांगलीकर
चिंच_गूळ ताई, तुम्हाला लागावं असं काही म्हणायचं नव्हतं. मान खाली घालण्याचं वाचून मी दोन मिनिटं थांबलो. माझी आजी शेवटच्या शब्दाला डोळे मिटायची. शब्द मागे घेतो असं म्हणणार नाही, कारण आवाजाबद्दल मला जे वाटतं ते वाटतं, पण अल्बम पुन्हा ऐकतो, पहिल्यापासून.

मडगावकार
ताई, 'ळ' येईल. आमच्या मुंबईच्या चुलतभावंडांना कोंकणी अशीच गाण्यांतून आली.

तिहाई
फ्रेनेसीबद्दल कुणी बोललंच नाही.

रेकॉर्डवाला_काका
बोलण्यासारखा आहे, या धाग्यात बसत नाही एवढंच. तो बोलेरो, मांबो, क्युबन बाजाचा, मारिआची नाहीच. मालिका दोनचीच. गंमत म्हणजे १९९३च्या ग्रॅमीत 'मास कान्सिओनेस' आणि 'फ्रेनेसी' दोघांनाही बक्षीस मिळालं, एक मेक्सिकन-अमेरिकन विभागात, एक ट्रॉपिकलमध्ये. पहिल्याला आधीच मिळालेलं होतं. तिन्हीच्या तिन्ही.

तिहाई
मी तिसरा धरतो. भाषा बदलून गाणाऱ्या बाईचा तो तिसरा मुक्काम आहे.

निशाचर
मी नाही धरत. पण रात्री उशिरा ऐकायला तोच लावतो.

अपूर्वा_१९
मेक्सिकन गायिका नातालिया लाफोर्काद राहिली! 'उन कान्तो पोर मेहिको', २०२० आणि २०२१, दोन भाग. २०१७च्या भूकंपात वेराक्रूसमधल्या हाल्तिपानचं सोन हारोचोचं (तिथल्या लोकसंगीताचं) केंद्र पडलं, ते पुन्हा बांधायला पैसे उभे करण्यासाठी काढलेले. निव्वळ मारिआची नाहीत, पण रॉनस्टॅट आवडणाऱ्यांना नक्की आवडतील. बापूंना तर खास, आवाजात इस्त्री अजिबात नाही, कुजबुजल्यासारखी गाते.

पावणेआठची_लोकल
लोकहो, मेहिको का मेक्सिको? मारियाची का मारिआची? हलिस्को का जालिस्को? मी शोधताना प्रत्येक वेळी चुकतोय.

मडगावकार
स्पॅनिशमध्ये 'जे' (J) या अक्षराचा उच्चार घशातून ह. मेक्सिकोतला एक्सही तसाच. आपण मेक्सिको म्हटलं तरी पोलीस पकडत नाहीत.

बापू_सांगलीकर
आठवडा झाला, दोन्ही ओळीने ऐकले. कबूल करतो, एका गाण्यात मी चुकलो होतो. 'रोगासियानो एल वापांगेरो'. एका वापांगो गाणाऱ्याच्या मरणाचं गाणं आहे, सगळा मुलूख शोकात. तिथे तिने आवाज मुद्दाम सपाट ठेवलाय, रडली असती तर बिघडलं असतं. मी ज्याला इस्त्री म्हणत होतो तो काही ठिकाणी संयम आहे. सगळीकडे नाही. 'ला चार्रेआदा'मध्ये अजूनही मला लोलाच हवी.

दुसऱ्या अल्बममध्ये काही गाण्यांत तिचे भाऊ गातात. ते आवाज एकमेकांत मिसळतात तेव्हा कोरडी_हवा यांचं 'घरात बसलीय' कळलं. माझं मत दुसऱ्याला. काका, क्षमस्व.

रेकॉर्डवाला_काका
क्षमा नाही. मी पहिल्यावर ठाम. 'ला सिगारा' पहिल्यात आहे, विषय संपला. सिगारा म्हणजे तो झाडावरचा किडा, उन्हाळ्यात कर्कश ओरडतो, तो गात गात मरतो असं ते गाणं आहे. आणि ही बाई, जिने २००९ला सान अँटोनियोत शेवटची मैफल केली ती मारिआचींसोबतच, नंतर आजाराने गाणं थांबलं, २०१३ला तिने स्वतः जाहीर केलं. आधी पार्किन्सन म्हणाले, पुढे निदान बदललं. ते लांबवलेले सूर ऐकताना मला हे आठवतंच, तेव्हा ती ४१ वर्षांची होती, दम सरतच नाही असा.

माझ्या रेकॉर्डवर नेमका तिथेच ओरखडा आहे हे मी आधी लिहिलंय.

कोरडी_हवा
काका, इथे गावात एक जुन्या रेकॉर्डचं दुकान आहे, काल गेले होते. पहिल्या अल्बमच्या तीन प्रती होत्या. दिव्याखाली तिरकी धरून तिन्ही बघितल्या, एकीची दुसरी बाजू आरशासारखी आहे, ती घेतली. डिसेंबरात पुण्याला येतेय.

आणि आजींना विचारलं, पहिला की दुसरा. त्या म्हणाल्या पहिला माझ्या नवऱ्याने आणला होता, दुसरा मी आणला. पुढे काही बोलल्या नाहीत, चहा गाळायला लागल्या. माझं मत अजून दुसऱ्यालाच आहे पण आता तेवढं जोरात सांगत नाही.

रेकॉर्डवाला_काका
अहो ताई!!! डिसेंबरात कधी? पैसे मी देणार, वाद नको. चहाही.

पावणेआठची_लोकल
तिहाई, तीन आणि दोन जमले. आज, कुर्ल्याच्या आसपास.

चिंच_गूळ
काल रात्री 'दोस आर्बोलितोस' लावलं होतं. लेक गृहपाठ करत होती, डोकं वर न काढता दुसऱ्यांदा आलेल्या ओळीला गुणगुणायला लागली. शब्द काहीच नाहीत, नुसतं नाकातून. मी विचारलं कशाबद्दल आहे वाटतं? म्हणाली दोघं आहेत कुणीतरी. आता बाबांना ऐकवायचंय, रविवारी कॉल आहे.